गिटार घेतली आणि पस्तावलो: वाचकांच्या पत्रांना उत्तरे

वाद्य किंवा त्यासोबतचे साहित्य विकत घेतल्यावर पस्तावण्याची वेळ कोणावर आली आणि ती का आली, असे या सदरातून मागील अंकात विचारले होते. आलेली पत्रे जवळजवळ सगळी गिटारवादकांची निघाली. आपल्या सीमाभागात पेटी आणि तबला घरोघरी आहेत, तरी त्यांच्याविषयी तक्रारीचा कागद आला नाही. पेटी घ्यायला जाताना आपण एखाद्या जाणत्याला सोबत नेतो. गिटार मात्र मोबाइलवर चित्र पाहून मागवतो, हे त्याचे एक कारण असावे. पत्रे वाचताना असेही दिसले की, ज्या वस्तूवर राग निघाला होता तिच्यात बहुतेक वेळा दोष नव्हता. दोष हवेत, जुळणीत, वीजजोडणीत किंवा कोणाच्या तरी शेऱ्यात होता. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात शिक्षक आहे. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून गेल्या एप्रिलमध्ये मी ऑनलाइन एक अकूस्टिक गिटार मागवली. पुढची फळी सलग स्प्रूस लाकडाची असल्याचे जाहिरातीत लिहिले होते आणि त्याचसाठी मी दुप्पट पैसे मोजले. सुरुवातीचे दोन महिने तिने फार आनंद दिला. जुलै उजाडला आणि तारा इतक्या वर गेल्या की एफ कॉर्ड (अनेक तारा एकत्र दाबून वाजवायचा स्वरमेळ) धरताना बोटे सोलून निघू लागली. आवाज तर ओल्या पोत्यात गुंडाळल्यासारखा येतो. धाकट्या भावाची जुनी, स्वस्त, प्लायवूडची गिटार मात्र पावसातही होती तशीच वाजते. महाग वस्तू घेऊन मी फसलो का? ती विकून टाकावी का?

उत्तर : तुम्ही फसलेले नाही, आणि निदान या ऋतूत तरी ती विकू नका. सलग लाकडाची गिटार पावसाळ्यात फुगते आणि तुम्ही लिहिलेले प्रत्येक लक्षण तेच सांगते. लाकूड हवेतील ओलावा शोषते तेव्हा ते रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही. रेषांना आडवे मात्र चांगलेच पसरते. गिटारची पुढची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची, कडांना पक्की चिकटवलेली आणि आतून पट्ट्यांनी बांधलेली असते. तिला बाजूंना पसरायला जागाच नसल्यामुळे ती मधोमध वर उचलली जाते, तिच्याबरोबर ब्रिज, म्हणजे फळीवरची तारा अडकवायची पट्टी, वर येतो आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून, दूर जातात. ओलसर झालेली फळी जडही होते, त्यामुळे तिचे कंपन मंदावते आणि आवाज दबतो. भावाच्या गिटारची फळी पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली आहे. एका थराच्या रेषा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या असल्यामुळे कोणताही थर दुसऱ्याला पसरू देत नाही. म्हणून ती पावसाळ्यात बिघडत नाही आणि उन्हाळ्यात खुलतही नाही.

गिटार बनवणारे बहुतेक कारखाने हवेत ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता राहील असे धरून काम करतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांत भर पावसाळ्यात ती नव्वदीच्या घरात असते आणि मार्चमधील कोरड्या दुपारी निम्म्याहून बरीच खाली येते. असे टोकाचे दोन ऋतू सोसणाऱ्या वाद्याची दरवर्षी थोडी जुळणी करावी लागते, ही गोष्ट विक्रेत्याने जाहिरातीत स्प्रूसच्या कौतुकाशेजारी लिहायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मोजमाप करा. अर्धा मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळते. गिटार सुरात लावा आणि बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून सर्वांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर पाहा. ते अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि सर्वांत बारीक तारेखाली दोनच्या आत असेल, तर वाजवायला त्रास होऊ नये. साडेतीन किंवा चार भरले, तर बोटे सोलणारच. त्यानंतर तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधोमध दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती उंच राहते ते निरखा. तेथे केसभर फट पुरते. ती जास्त असेल तर नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ राहिल्या आहेत, आणि तो दोष पावसाचा नसून कारखान्याचा आहे. एफ कॉर्ड जड जाण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे. ट्यूनर सुटी तार सुरात दाखवतो आणि तरी पहिल्या दोन-तीन फ्रेटमधल्या कॉर्ड बेसूर लागतात, हेही त्यामुळेच घडते. स्वस्त गिटारींच्या खाचा मुद्दाम उथळ ठेवल्या जातात, कारण खोल खाचेमुळे तार खरखरली तर माल परत येतो. उथळ खाचेमुळे ग्राहकाचे बोट दुखले तर तो स्वतःलाच दोष देतो.

नट ठीक असेल आणि बाराव्या फ्रेटवरची उंचीच वाढलेली असेल, तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती छोटी पट्टी, खाली करावे लागेल. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे तेथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा असेल, तर सॅडलचा पूर्ण एक मिलिमीटर घासावा लागतो. येथे घाई नडते. जुलैत घासलेले सॅडल मार्चमध्ये, फळी पुन्हा खाली बसल्यावर, फार बुटके ठरते आणि तारा फ्रेटवर खरखरू लागतात. त्यापेक्षा मूळ सॅडल जपून ठेवा आणि पावसाळ्यासाठी दुसरे, कमी उंचीचे सॅडल करून घ्या. दोन्हींवर पेन्सिलने ऋतू लिहिला की झाले. मानेतील ट्रस रॉड (आत बसवलेली धातूची सळई) हा तारांची उंची कमी-जास्त करण्याचा स्क्रू आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो मानेचा बाक सरळ करण्यासाठी असतो आणि एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक फिरवू नये. तारांचा संचही बदलून पाहा. १२ ते ५३ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) संचाचा एकत्रित ताण ७० किलोच्या वर जातो; ११ चा संच लावला तर बोटांना आणि फुगलेल्या फळीला, दोघांनाही दिलासा मिळतो.

हे काम करणारा माणूस शोधणे आपल्याकडे अवघड आहे, हे मान्य. मिरज जवळ आहे आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथल्या कारागिरांच्या हाताला जवारी लावण्याची, म्हणजे केसाच्या अंतराने घासण्याची सवय असते, त्यामुळे सॅडल आणि नटचे काम त्यांच्यापैकी काही जण उत्तम करतील. मात्र फ्रेट समतल करणे आणि ट्रस रॉड ही निराळी विद्या आहे. गिटारचे काम पूर्वी केले आहे का, हे आधी स्पष्ट विचारा. उरलेली काळजी घरचीच आहे. गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नका, वाजवून झाल्यावर तारा पुसून ती टणक केसमध्ये बंद ठेवा, आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवून ती वाळवण्याचा मोह मात्र टाळा, कारण फुगलेली फळी एकदम आकसली की चिरते.

प्रश्न : मी निपाणीचा. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. यंदा कर्ज काढून मल्टी-इफेक्ट प्रोसेसर (गिटारचा आवाज हवा तसा बदलणारे यंत्र) घेतला. घरी हेडफोनवर त्यातील आवाज ऐकून मी हरखून गेलो होतो. मंडपात मात्र माझी गिटार कोणालाच ऐकू येत नाही. साउंडवाला म्हणतो, आवाज वाढवला की कर्कश होतो आणि कमी केला की नाहीसा होतो. माझ्याआधी वाजवणारे गृहस्थ आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या एका साध्या पेडलवर सगळा कार्यक्रम गाजवत असत. पैसे पाण्यात गेले, असे वाटते.

उत्तर : पैसे पाण्यात गेलेले नाहीत, आवाजाची जुळणी चुकीच्या जागी बसून झाली आहे. मनुष्याचा कान हळू आवाजात खर्जाचे आणि अतितार सूर कमी ऐकतो, मधले सूर अधिक ऐकतो. बेल लॅबोरेटरीजमधील हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात जुळणी करणारा वादक नकळत बेस आणि ट्रेबल वाढवतो आणि मिड खाली ओढतो, कारण त्या पातळीवर तेच भरीव वाटते. तीच जुळणी मंडपातील मोठ्या आवाजात गेली की वाढवलेला ट्रेबल कानात घुसतो आणि वाढवलेला बेस ढोलकी, ऑक्टोपॅड आणि बेस गिटारच्या गर्दीत बुडतो. गिटारची हक्काची जागा जो मधला पट्टा, तो तर आधीच कापलेला असतो. साउंडवाल्याचे वर्णन त्यामुळे तंतोतंत बरोबर आहे, आणि त्याच्याशी वाद घालू नका.

आकड्यांत सांगायचे तर गिटारची सर्वांत जाड सुटी तार ८२ हर्ट्झवर वाजते आणि बारीक तारेचा शेवटच्या फ्रेटवरचा मूळ सूर १२०० हर्ट्झच्या आसपास संपतो. त्यावर उपस्वर असतात, पण गिटार ॲम्पचा (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा) स्पीकर ५००० हर्ट्झनंतर झपाट्याने मंदावतो आणि गिटारचा जो आवाज आपल्या कानांत बसला आहे तो याच मंदावलेल्या स्पीकरचा आहे. मंडपातील साउंड सिस्टम मात्र त्याच्या कितीतरी वरपर्यंत सगळे स्वच्छ ऐकवते, म्हणून विकृती (डिस्टॉर्शन, मुद्दाम आणलेली खरखर) मिसळलेला आवाज तेथे माशी घोंगावल्यागत लागतो. तुमच्या यंत्रात स्पीकर कॅबिनेटची नक्कल करणारा भाग असेल. जोडणी थेट मिक्सरला असेल तेव्हा तो चालू हवा आणि गिटार ॲम्पच्या इनपुटला असेल तेव्हा बंद हवा. या एकाच बटणाने अनेकांची निम्मी तक्रार मिटते. शिवाय १०० हर्ट्झच्या खालचे आणि ५-६ हजारांच्या वरचे कापून टाका, मिड वाढवा, रिव्हर्ब जवळजवळ काढून टाका (मंडपाचा आणि मंगल कार्यालयाच्या पत्र्याचा घुमारा फुकट मिळतोच) आणि विकृतीचे प्रमाण घरी आवडते त्याच्या निम्म्यावर आणा.

आणखी एक गोष्ट तपासा. हेडफोनवर आवाज डावा-उजवा असा दोन भागांत पसरतो. मंडपात बहुधा एकच वायर मिक्सरला जाते. दोन बाजूंना थोडा वेगवेगळा आवाज देऊन रुंदी निर्माण करणारे कोरस किंवा डिले एका वायरीत मिसळले की काही अंशी एकमेकांना खोडतात. यंत्राचे आउटपुट मोनो करा आणि मगच ऐका. जुळणी करताना घरी एकट्याने करू नका. कार्यक्रमाच्या दिवशी लोक जमण्यापूर्वी अर्धा तास लवकर जा, की-बोर्ड आणि ढोलकीवाल्यांना सोबत वाजवायला सांगा आणि लांब वायर लावून स्वतः मंडपाच्या मध्यावर उभे राहा. एकट्याने ऐकताना तो आवाज कोरडा आणि नाकातला वाटेल. त्याची भीती बाळगू नका, कारण गर्दीत तोच आवाज पुढे येतो. तुमच्या आधीच्या गृहस्थांच्या साध्या पेडलमध्ये मिड मुळातच उंच असणार.

कारखान्याने भरून दिलेले शेकडो आवाज दुकानात एकट्याने वाजवणाऱ्या ग्राहकाला भुलवण्यासाठी रचलेले असतात. ऑर्केस्ट्राला चार आवाज पुरतात: एक स्वच्छ, एक थोडा खरखरीत, एक सोलोसाठी आणि एक लावणीच्या ठेक्यातला कोरडा. हे चारही एकाच पातळीवर आणा, सोलोचा तेवढा किंचित वर ठेवा. एवढे करूनही यंत्र नकोसे वाटले तर विका. पण तोपर्यंत हप्ते भरून निम्मे कर्ज फिटलेले असेल.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा इलेक्ट्रिक गिटार शिकतो. आम्ही शहापुरात जुन्या घरात राहतो. त्याच्यासाठी घेतलेला ॲम्प सतत गुणगुणतो, आणि परवा गाताना माइकला ओठ लागल्यावर त्याला झटका बसला. दुकानदार म्हणतात की स्वस्त ॲम्पचे असेच असते. चांगला ॲम्प घेऊन द्यावा का?

उत्तर : ताई, आधी वाजवणे थांबवा आणि वायरमनला बोलवा. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. घरात अर्थिंग नसेल, तुटलेले असेल किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावला असेल, तर या दोन धातूंमध्ये विजेचा दाब निर्माण होतो आणि हात तारांवर असताना ओठ माइकला लागले की प्रवाह शरीरातून जातो. स्कॉटलंडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सी येथे, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. याला स्वस्त ॲम्पचा स्वभाव म्हणणाऱ्या दुकानदाराकडून दुसरा ॲम्प घेऊ नका.

अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, ॲम्प आणि मिक्सर एकाच सॉकेटवरून चालवा आणि प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. त्यानंतर उरणारी गुणगुण बहुधा गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या वेटोळ्याची, असेल. घरातील ५० हर्ट्झच्या विजेची ती चाहूल आहे आणि मुलाने जागेवरच थोडे वळून बसले तरी ती कमी-जास्त होते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ती फार वाढत असेल, तर इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा आहे. यांपैकी एकाही कारणासाठी नवा ॲम्प लागत नाही.

प्रश्न : मी चिक्कोडीचा सेवानिवृत्त माणूस. हौसेने बऱ्यापैकी गिटार घेतली. तिची पाठ महोगनीची आहे. कोल्हापूरच्या एका जाणकार मित्राने ती पाहून मान हलवली आणि म्हणाला, ‘एवढे पैसे दिलेस, तर शिसवीची घ्यायची होतीस.’ त्या दिवसापासून तिचा आवाज मला पातळ वाटू लागला आहे. थोडी भर घालून बदलून घ्यावी का?

उत्तर : मित्राचे बोलणे ऐकण्यापूर्वी तो आवाज आपणास आवडत होता, हे आपल्याच पत्रातून दिसते. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच कारागिराकडून सहा अकूस्टिक गिटारी बनवून घेतल्या. पुढची फळी आणि बांधणी सारखी, पाठ व बाजूंचे लाकूड तेवढे वेगळे. त्यात ब्राझीलची दुर्मीळ शिसव, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड होते. ५२ गिटारवादकांनी वेल्डरचे चष्मे लावून, लाकूड दिसणार नाही अशा बेताने, त्या वाजवल्या. त्यांनी दिलेले गुण सहाही गिटारींना जवळजवळ सारखेच होते आणि किमतीने कितीतरी महाग असलेले लाकूड त्यांना वेगळे ओळखू आले नाही. पाठीच्या लाकडामुळे अजिबात फरक पडत नाही, असा याचा अर्थ काढू नये. जो फरक पडतो तो पुढच्या फळीच्या, पट्ट्यांच्या आणि तारांच्या फरकापुढे फार लहान आहे.

शिसवीचा मान ज्या कारणाने वाढला त्यात आवाजाइतकाच व्यापारही आहे. ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ मध्ये कडक बंदी आली. तिच्या जागी आपल्या सह्याद्रीतल्या शिसवीला जगभरच्या कारखान्यांत जो भाव होता तो आणखी वाढला. आपल्या भागातील जुन्या वाड्यांच्या दारा-खिडक्यांत आणि पलंगांत जे लाकूड सहज दिसते, ते बोस्टन-न्यूयॉर्कच्या दुकानांत गिटारच्या पाठीवर मिरवते. हा गमतीचा भाग सोडला तरी, बदली करताना दुकानदार आपली गिटार वापरलेली म्हणून पाडून घेईल आणि नवी पूर्ण किमतीला देईल, हा तोटा आपणास निश्चित ऐकू येईल. नव्या तारा लावा, पिक थोडे जाड घ्या आणि मित्राला एकदा डोळ्यांवर पंचा बांधून दोन गिटारी ओळखायला सांगा.

प्रश्न : आमचे हे टिळकवाडीत राहून नोकरी करतात आणि दर सणाला एक नवे पेडल मागवतात. ‘नो कॉस्ट ईएमआय’ आहे, म्हणून पैसे जातच नाहीत, असे त्यांचे म्हणणे. आठवडाभर कौतुक, मग तोंड पाडून बसणे आणि मग पुढच्या पेडलचा शोध. मी काय करावे?

उत्तर : ‘नो कॉस्ट’मध्ये व्याज नाहीसे होत नाही. बँक ते आकारते आणि तेवढी सूट विक्रेता देतो. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र बहुधा ग्राहकाकडूनच घेतले जाते. बिलावर हे आकडे असतात. ते दोघांनी मिळून एकदा वाचा. बाकी, तोंड पाडून बसण्याचे कारण कधीकधी फार क्षुल्लक असते. सगळी पेडले एकाच अडॅप्टरच्या साखळीवर चालत असतील तर नवे पेडल जोडल्यावर खरखर सुरू होते आणि दोष नव्या पेडलला लागतो. प्रत्येक पेडलला स्वतंत्र पुरवठा देणारी एकच चांगली पॉवर सप्लाय पुढच्या सणाला त्यांना तुम्हीच घेऊन द्या. ती घेताना ९ व्होल्ट आणि मधली पिन ऋण, एवढे पाहा. जी पेडले तरीही कपाटात राहतील ती खोक्यासकट विकायला सांगा. खोके आणि बिल असले की जुन्या मालालाही गिऱ्हाईक मिळते.

प्रश्न : मी संकेश्वरजवळ राहतो. कोल्हापुरातील एका दुकानातून मी गिटार घेतली. तिसऱ्या आठवड्यात तिची मान पिळल्याचे लक्षात आले. दुकानदार बिलावर छापलेले ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य दाखवतो. दुकान महाराष्ट्रात आणि मी कर्नाटकात, म्हणून सगळे म्हणतात की सोडून दे.

उत्तर : सोडून देऊ नका. आवडली नाही म्हणून परत करणे आणि सदोष निघाली म्हणून परत करणे, या दोन गोष्टी कायद्याला वेगळ्या दिसतात. पहिल्या बाबतीत दुकानाचे किंवा संकेतस्थळाचे स्वतःचे धोरण चालते, आणि त्यात सवलत नसेल तर आपला फार हक्क उरत नाही. दुसऱ्या बाबतीत ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीच अनुचित व्यापार प्रथा मानतो. बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि दिली नसेल तर ३० दिवसांच्या आत परतीची मागणी व्हायला हवी. छापील वाक्याने हा हक्क जात नाही. म्हणून आजच्या आज लेखी मागणी करा, ती स्पीड पोस्टाने किंवा ई-मेलने पाठवा, आणि मानेचे छायाचित्र हेडस्टॉककडून (मानेच्या खुंट्या असलेल्या टोकाकडून) ब्रिजच्या दिशेने काढून ठेवा, म्हणजे पीळ दिसेल. कोणाकडूनही आधी दुरुस्ती करून घेऊ नका. जाणकार कारागिराचे सहीनिशी मत मात्र घ्या. मान पिळली आहे की नुसती वाकली आहे, हे त्यात स्पष्ट यायला हवे, कारण वाकलेली मान ट्रस रॉडने सरळ होते आणि दुकानदार तोच बचाव घेईल.

राज्याच्या सीमेची अडचण पूर्वी खरोखर होती. १९८६ च्या कायद्याखाली, विक्रेता जेथे असेल किंवा व्यवहार जेथे झाला असेल तेथेच तक्रार करावी लागे, म्हणजे तुम्हाला प्रत्येक तारखेला कोल्हापूर गाठावे लागले असते. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल करता येते. तुमच्यासाठी तो बेळगाव जिल्हा आहे. सीमाभागातील आपणा सर्वांना या तरतुदीचा जेवढा उपयोग आहे तेवढा क्वचितच कोणाला असेल. खरेदीसाठी आपण कोल्हापूर, पुणे, पणजी असे फिरतो आणि राहतो मात्र येथे.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा आयोगाकडे जा. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, वकील देण्याची सक्ती नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, तरी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ या उत्तरांवर ती घालवू नका. हाच दोष एखाद्या व्यक्तीकडून खासगीरीत्या घेतलेल्या जुन्या गिटारमध्ये निघाला असता, तर हा मार्ग सहसा मिळाला नसता, कारण घरची वस्तू विकणारा माणूस या कायद्याच्या अर्थाने व्यापारी ठरत नाही. बिलाची मूळ प्रत दुकानदाराने मागितली तरी देऊ नका. छायाप्रत द्या आणि तिच्यावर पोच घ्या.